आपलं पॉइंट चार

"तुमच्या भागातली यंत्रं आम्ही डोळे झाकून ओळखतो," फोनवरच्या बाई म्हणाल्या, आणि ती जिन्यात होती तिथेच थांबली. खांद्यावर पर्स, बगलेत संध्याकाळच्या सभेच्या पत्रकांचा गठ्ठा, दातांत कार्यशाळेची किल्ली. तिने आधी किल्ली हातात घेतली. हेच वाक्य ऐकायला ती दोन वर्षं थांबली होती. भागातल्या छोट्या उद्योजकांच्या संघाची कार्यवाह म्हणून प्रत्येक सभेत तिने सांगितलं होतं, की एक दिवस लांबच्या गावातलं कुणीतरी आपली वस्तू हातात घेईल आणि नाव न वाचता म्हणेल, ही त्यांच्याकडची दिसते. त्या दिवशी आपलं काम झालं असं समजा. आणि तो दिवस असा, काही न कळवता, जिन्यात येऊन उभा राहिला होता. कठड्याला नुकताच रंग दिलेला होता, त्याचा वास नाकात बसत होता. बाई एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, जुन्या ग्राहक. फोन केला होता तो सुटे प्रोब, म्हणजे थर्मामीटरच्या तारेच्या टोकाला असतात त्या कांड्या, मागवायला. "कशावरून ओळखता?" तिने विचारलं. आवाजातला अधीरपणा शक्य तितका दाबून. "अहो, सगळी पॉइंट चार अंशाने जास्त दाखवतात," बाई हसत म्हणाल्या. "तुमचे थर्मामीटर, त्या भट्टीवाल्यांच्या भट्ट्या, तुमच्याकडच्याच त्या मुलीच्या शीतपेट्या. झाडून सगळी. आमच्या मुली आकडा वाचतात आणि पॉइंट चार वजा करून लिहितात. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तेवढंच शिकवतो." "मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?" "तक्रार कसली? बाकीच्यांची यंत्रं आपापल्या परीने चुकतात. एक पुढे, एक मागे, तिसरं सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं. तुमचं कसं, सगळं घर एका सुरात. वजा केलं की मोकळे. बरं, तेवढे प्रोब लवकर पाठवा हं."

ती पायरीवर बसली. पत्रकं मांडीवर घेतली. वर जाड अक्षरांत छापलं होतं, 'एक भाग, एक खूण'. धक्का बसला असं म्हणता आलं नसतं. एखाद्या लग्नघरात दिवसभर मिरवून यावं, सगळ्यांनी छान म्हणावं, आणि घरी आल्यावर कळावं की झंपर उलटा घातला होता, तसं काहीतरी. म्हणजे लाज वाटायची ती वाटते, पण सगळ्यांनी छान म्हटलं होतं हेही काही खोटं नसतं. तिला हसू येऊ लागलं आणि ते नेमकं कुठून येतंय हे कळेना, म्हणून ती उठली आणि कुलूप उघडून आत गेली.

तिची कार्यशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत जोडणीची टेबलं, आतल्या खोलीत ताडणीचं टेबल, आणि त्या टेबलावर फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला तिचा मास्टर, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे सगळे थर्मामीटर ताडून बघायचे तो. तिने छोट्या फ्रीजमधून बर्फ काढला, फडक्यात बांधून बत्त्याने बारीक केला, थर्मासच्या बरणीत भरला, वरून शुद्ध पाणी ओतलं. मास्टरचा प्रोब आत सोडला आणि स्टूल ओढून बसली. कॉलेजातलं पहिलं प्रात्यक्षिक हेच होतं. त्यांच्या प्रयोगशाळेच्या मॅडम खिडकीशी उभ्या राहून सांगायच्या, वितळणारा बर्फ कुणाचंच ऐकत नाही, त्याला तुमचं यंत्र किती महाग आहे याच्याशी कर्तव्य नाही, तो शून्य म्हणजे शून्य. बोटं गार पडायची, काचेवर पाण्याचे थेंब जमायचे, आणि सगळ्या मुली श्वास रोखून आकड्याकडे बघायच्या, जणू शून्य येईल की नाही याबद्दल खरोखर शंका आहे. आता तिची बोटं तशीच गार पडली होती. आकडा खाली खाली आला, रेंगाळला आणि थांबला. पॉइंट चार. तिने बरणी ढवळली. पॉइंट चार. वीस एक वर्षांत हा एवढा साधा प्रयोग तिने या टेबलावर केला नव्हता. का केला नव्हता याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते फार चांगलं होतं, हीच अडचण होती. शेजारी भट्टीवाल्या काकांचा मास्टर होता ना.

इथे सगळ्यांचं तसंच चाले. मास्टर दरवर्षी बाहेरगावी सरकारी प्रयोगशाळेत पाठवून तपासून आणायचा असा नियम, पण तो पाठवला की काम बंद पडे, म्हणून माणूस टॉवेलात आपला मास्टर गुंडाळून शेजाऱ्याकडे जाई, दोघांचे प्रोब एका भांड्यात सोडत, चहा होई, आकडे जुळत, किंचित फरक असलाच तर तो आपल्याच मास्टरमध्ये जुळवून घेतला जाई, माणूस समाधानाने परत येई. शेजाऱ्याचा तर बाहेर जाऊन आलेला असणारच. तीही भट्टीवाल्या काकांकडे जात असे आणि दोन्ही आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलेले बघून तिला दरवेळी जो आनंद होई तो तिला आता आठवला, आणि तो आनंद खोटा होता असं काही केल्या वाटेना. जुळले तर होतेच. कशाशी जुळले हा वेगळा प्रश्न.

आईच्या स्वयंपाकघरात असंच होतं. आई आणि तिघी बहिणी, आणि चुलीशी कुणीही असो, पातेल्यातला चमचाभर रस्सा दुसरीच्या तळहातावर टाकून म्हणायची, मीठ बघ गं. आई ताईला विचारायची, ताई मधलीला, मधली तिला, आणि ती आईला. सगळ्या म्हणायच्या, बरोबर आहे. घरात मिठावरून कधी शब्द झाला नाही. मग ती ज्याच्याशी लग्न करणार होती तो पहिल्यांदा घरी जेवायला आला, भाजीचं कौतुक केलं, पाणी प्यायला, भाताचं कौतुक केलं, पाणी प्यायला, आणि जेवण संपेपर्यंत एकट्याने तांब्या संपवून बसला. वडील म्हणाले, मुलगा फार तब्येतीने पाणी पितो. पुढे महिन्याभराने त्याने तिला एकटीला गाठून, फार जपून, जणू घरातला आजार सांगतोय अशा आवाजात सांगितलं, की तुमच्याकडे सगळ्या पदार्थांत थोडं, अगदी थोडं, मीठ जास्त असतं. ती आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. मग आपल्याला राग नेमका कशाचा आला याचा विचार केला. मिठाचा नव्हता. चौघींची जीभ एकच आहे हे त्याला बाहेरून दिसलं आणि आपल्याला आतून कधी दिसलं नाही, याचा होता. ताई आता लांब असते, मधली तिच्याहून लांब. पण कुठल्याही बहिणीच्या घरी जेवायला बसलं की पहिल्या घासाला कळतं, आले माहेरी.

फोन पुन्हा वाजला. नवरा. "अगं, पत्रकं नेलीस ना? एक गठ्ठा इथे राहिलाय." "तो जुना. त्यावर डोंगर आहे." "म्हणजे आता डोंगर नाही?" "डोंगर नदीपलीकडच्या लोकांना दिसत नाही म्हणाले." "मग नदी घ्या." "नदी आधीच घेऊन झाली. तिचं नाव पंपवाल्यांच्या दुकानाला आहे." तो हसला. हे सगळं त्याला पाठ होतं. दोन वर्षांत खुणेसाठी काय काय घेऊन झालं होतं. उगवता सूर्य घेतला तर तो छापखान्याकडून मावळता निघाला. दातेरी चाक घेतलं तर सॉफ्टवेअरवाले म्हणाले, आमच्यात कुठे चाक. एक नाव सगळ्यांना एकमताने आवडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ते एका दंतमंजनाचं आहे. जाहिरातवाले गृहस्थ, टक्कल पडलेले आणि अतिशय सोशिक, प्रत्येक बैठकीत एकच विचारायचे, तुमच्या सगळ्यांत सारखं काय आहे ते मला सांगा, मी त्याचं चित्र काढतो. आणि भट्टीवाले, शीतपेटीवाली, भिंगं घासणारे भाऊ, सगळे एकमेकांकडे बघत बसायचे. "काय झालंय?" नवऱ्याने विचारलं. "मीठ जास्त झालंय," ती म्हणाली. "सकाळी सकाळी काय खाल्लंस?" "संध्याकाळी सांगते."

छापील मर्यादा अर्ध्या अंशाची होती. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर लिहिलेलं असे, अर्धा अंश कमी किंवा जास्त. पॉइंट चार त्यात बसत होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं, इस्पितळातल्या मुली वजा करत होत्या. आजची सभा होऊ द्यायची, सामाईक खूण मंजूर होऊ द्यायची, आणि मग पुढच्या महिन्यात काहीतरी निमित्त काढून सगळ्यांचे मास्टर बाहेर पाठवायचे. हे तिच्या मनात इतक्या व्यवस्थित मांडलेलं आलं की तिला त्याचाच संशय आला. कारण आजच्या ठरावात खरं महत्त्वाचं चित्र नव्हतं, खालची एक ओळ होती, आणि ती तिने स्वतः भांडून घालून घेतली होती: ही खूण ज्याच्या मालावर असेल त्याच्या मालाला बाकी सगळे जबाबदार. चित्र तर कुणीही काढून देतं. त्या ओळीसाठी दोन वर्षं गेली होती. आज सांगितलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत उठतील आणि ती ओळ जाईल, बहुधा संघही जाईल. नाही सांगितलं तर ती ओळ राहील, आणि तिच्याखाली पहिली सही करणारीला एकटीलाच माहीत असेल की आपण सगळे कशाची हमी देतोय.

दारावर टकटक न करता भट्टीवाले काका आत आले. काखेत टॉवेल, टॉवेलात मास्टर. ते प्रयोगशाळांच्या भट्ट्या बनवत, इथे सगळ्यांच्या आधी आलेले, आणि बोलताना भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय असल्यामुळे शांत खोलीतही ओरडून बोलत. तिने, का ते तिलाही कळलं नाही, बरणीवर फडकं टाकलं. "काय कार्यवाहबाई, आज निवडणूक लढवताय की काय, नवी साडी." "काका, ही दिवाणखान्याच्या पडद्यासारखी दिसते म्हणून तुम्हीच मागे हसला होता." "मग पडदा उघडायचा दिवस आहे आज." ते आपल्याच विनोदावर मनापासून हसले आणि स्टूल ओढून बसले. "हे बघ, मी त्या ओळीच्या विरोधात होतो. भिंगवाल्यांच्या भावकीची जबाबदारी मी का घेऊ? एक भाऊ दुसऱ्याचा चष्मा घालून फिरतो. पण काल बायको म्हणाली, ती पोरगी एवढी धावतेय, तुला सही करायला काय होतं. तर मी सही करणार. तुझ्याकडे बघून करणार, चित्राकडे बघून नाही. ते चित्र कसलं आहे यंदा?" "ठिपक्यांचं." "गोवर झाल्यासारखं?" "थोडं तसंच." "असू दे. चल, सभेआधी एकदा ताडून घेऊ. आपलं आपलं बरोबर असलेलं बरं." आणि त्यांनी टॉवेल उघडायला सुरुवात केली. तिचा हात फडक्यावर होता. फडक्याखाली बर्फ बारीक आवाज करत वितळत होता. सांगायचं तर आत्ता, यांना, आधी. पण मग ते सभेला येणार नाहीत, किंवा येतील आणि तिच्यासाठी गप्प बसतील, आणि ते जास्त वाईट. "काका," ती म्हणाली, "मास्टर घेऊन सभेलाच या. सगळ्यांना तसं सांगते आहे." "का, फोटो काढणार?" "तसंच काहीसं." काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. आयुष्यभर भट्टीच्या दारातल्या छोट्या काचेतून आतला रंग बघून ताप ओळखणारा माणूस. टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि गेले.

सभा वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आडवं येऊन भिंतीवरच्या तीन ठिपक्यांच्या चित्रांवर पडलं होतं. मधल्या टेबलावर तिने भाजी धुवायचं मोठं पातेलं ठेवलं होतं, बर्फाने भरलेलं. "सरबत आहे वाटतं," कुणीतरी म्हणालं. प्रास्ताविक करायला ती उठली तेव्हा तिच्या हातात भाषण होतं, ते तिने पालथं ठेवलं. सकाळचा फोन सांगितला. बाईंचं पहिलं वाक्य सांगितलं तेव्हा खोलीत एक सुखाची कुजबुज झाली, जाहिरातवाले गृहस्थ तर खुर्चीत सरळ बसले. दुसरं वाक्य सांगितलं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग ती म्हणाली, "मी माझा मास्टर बर्फात घालून बघितला. बाईंचं खरं आहे. आपण मर्यादेत बसतो. पण त्या ओळीवर सही करायच्या आधी प्रत्येकाला माहीत असावं म्हणून सांगितलं." भिंग घासणाऱ्या भावांतला थोरला लगेच म्हणाला, "म्हणजे कुणाचं तरी चुकलं, आणि निस्तरायचं आम्ही. मी म्हणत होतोच, ही ओळ नको." धाकटा म्हणाला, "कुणाचं ते कळू दे तरी." खुर्च्या सरकल्या. ती उभीच होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण घाबरलेल्या नाही, आकडा थांबायची वाट बघावी तशा नुसत्या उभ्या आहोत.

"माझं कुणाचं घेतलंय ते मी सांगतो," भट्टीवाले काका गरजले. "माझं शीतपेटीवालीशी ताडलेलं. नवं शिक्षण, नवी यंत्रं, म्हटलं हिचं बरोबर असणार." सगळे शीतपेटीवालीकडे वळले. ती तरुण, लसी थंड ठेवायच्या पेट्या बनवणारी, एरवी फटकळ. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काका, मी तर भिंगवाल्या दादांकडून ताडून आणते. त्यांचं काम इतकं बारीक, म्हटलं त्यांचं तर असणारच." थोरल्या भावाने धाकट्याकडे बघितलं. धाकटा छताकडे बघत म्हणाला, "आपण कार्यवाहबाईंकडे नेतो, दादा. त्या फिजिक्सच्या म्हणून." आणि आता सगळे तिच्याकडे बघत होते. "मी काकांकडे," ती म्हणाली. "ते सगळ्यांत जुने म्हणून." बाकीच्यांचीही तीच गत होती, कुणी यांच्याकडून घेतलेलं, कुणी त्यांच्याकडून, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलेलं तिला दिसत होतं. मग काका हसू लागले. आधी खांदे, मग पोट, मग आवाज. "म्हणजे मी माझ्यावरच विश्वास ठेवून बसलोय," ते म्हणाले, "आणि वर चौघांना चहा पाजलाय." थोरल्या भावालाही आवरेना. शीतपेटीवाली डोळे पुसत म्हणाली, "ताई, सुरुवात कुणी केली?" हेच ती दिवसभर स्वतःला विचारत होती. वर्तुळाला सुरुवात कुठून असणार. प्रत्येकाने थोडासा, अगदी वाचताही येणार नाही इतकासा, स्वतःपेक्षा शेजाऱ्यावर जास्त भरवसा ठेवला होता, आणि तो साठत साठत पॉइंट चार झाला होता.

मग टॉवेल उघडले गेले. एकेकाने आपला मास्टर आणून पातेल्यात सोडला. तारा एकमेकींत गुंतल्या, कुणाची कोपरं कुणाच्या बरगडीत, बर्फ कडांवरून टेबलावर सांडला, आणि छोटे छोटे आकडे निरनिराळ्या वेगाने खाली येऊ लागले. कुणी मुद्दाम नव्हे पण सगळे गप्प झाले, कॉलेजातल्या त्या मुलींसारखे. पॉइंट चार. पॉइंट चार. पॉइंट चार. पातेल्याभोवती सगळीकडून तोच आकडा लुकलुकत होता, आणि कुणी कबूल केलं नसतं, पण तो तसा एकसारखा बघताना त्या खोलीतल्या प्रत्येकाला थोडा अभिमान वाटला. जाहिरातवाले गृहस्थ मागे उभे राहून बघत होते. "मी दोन वर्षं विचारतोय," ते हळूच म्हणाले, "तुमच्यात सारखं काय आहे. एकानेही सांगितलं नाही." "आम्हाला तरी कुठे माहीत होतं," थोरला भाऊ म्हणाला. मग त्यानेच ठरावाचा कागद पुढे ओढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आपण आधीपासूनच एकमेकांची जबाबदारी घेऊन बसलोय की. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. आता हा बर्फ इथेच, दर महिन्याला, सगळ्यांसमोर. हे लिहा, आणि मग मी सही करतो." काकांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. "पहिली सही माझी. मी जुना आहे." चित्राचं मात्र काही ठरलं नाही. ठिपके नकोत यावर एकमत झालं, बस.

घराकडे चालत जाताना तिने इस्पितळाच्या बाईंना फोन लावला. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते, दुकानांसमोर पाणी मारलं होतं. "प्रोब पाठवतेच," ती म्हणाली, "पण पुढच्या महिन्यापासून वजा करू नका. जुनी यंत्रंही आम्ही येऊन दुरुस्त करून देऊ. मुलींना सांगा." "अरे वा," त्या म्हणाल्या, पण आवाजात काहीतरी हरवल्यासारखं होतं. "मग आता तुमच्याकडचं यंत्र ओळखायचं कसं?" दोन वर्षं याच प्रश्नाची उत्तरं ती लोकांसमोर मांडत आली होती. "पाठीवर खूण असेल," ती म्हणाली. "कसली?" "ते अजून ठरलं नाही. तोपर्यंत बर्फात घालून बघा. शून्य दाखवलं तर आमचं." "शून्य काय, उद्या कुणीही दाखवेल." "दाखवू दे की," ती म्हणाली, आणि असं म्हणताना तिला इतकं हलकं वाटलं की ती पुढच्या वळणाला न वळता थोडी पुढेच गेली आणि मग परत फिरली.

घरी नवरा स्वयंपाक करत होता. ओट्यावर वाफ, खिडकीची काच धुरकट, आणि टेबलाखाली डोंगराच्या पत्रकांचा गठ्ठा. ती चपला काढून तशीच आत गेली. "काय झालं सभेत?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डावातला थोडा रस्सा तिच्या तळहातावर टाकला. "आधी मीठ बघ." तिने तळहात ओठांशी नेला. गरम होतं. थोडं, अगदी थोडं, जास्त होतं, म्हणजे आईच्या घरी असायचं नेमकं तेवढंच. तिने त्याच्याकडे बघितलं. तो डाव हातात धरून खरोखर वाट बघत होता. शेजारी त्याचा पाण्याचा पेला भरलेला होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता.

"बरोबर आहे," ती म्हणाली.